एका गटाचे दोन भोंगे

निमगाव सावाच्या स्टँडवर उतरून डाव्या हाताला चाललं, की पिठाच्या गिरणीला खेटून एक पत्र्याचं दुकान लागतं. त्याला पाटी नाही. पस्तीस वर्षं दुकान चालू आहे, पण जळालेली मोटार घेऊन आळ्याहून आलेल्या माणसालाही कधी पाटी शोधावी लागली नाही. वार्निशचा वास येईल तिकडं चालत जायचं, की समोर जयवंत बसलेला दिसतो. गुडघ्यांत मोटार धरून तांब्याची तार भरत असतो. त्याच्या दोन्ही अंगठ्यांवर तारेनं पाडलेले चर आहेत. नवी तार आली की त्या चरांत आपसूक बसते, जसं पाणी जुन्या पाटाला लागतं.

जयवंत सातवीपर्यंत शिकला. बौद्धवस्तीतला पहिला रेडिओ त्यानं अकराव्या वर्षी उघडला आणि बापाचा मार खात खात परत जोडला. रेडिओ लगेच बोलला, बाप मात्र महिनाभर बोलला नाही. पुढं रेडिओ गेले, टीव्ही आले. टीव्ही पातळ होऊन भिंतीला चिकटले आणि दुरुस्त करायची वस्तू न राहता फेकायची वस्तू झाले. मोटारी मात्र जळत राहिल्या, म्हणून चूल पेटत राहिली. गाव त्याला 'ए जयवंता' म्हणायचं. विशीतली पोरंसुद्धा तसंच म्हणायची. हातावरच्या घट्ट्याची जशी सवय होते तशी त्याला त्या हाकेची झाली होती.

चार वर्षांपूर्वी त्याची लेक स्वप्ना पुण्याहून सुट्टीला आली. ती तिकडं कॉम्प्युटरच्या कामात होती. तिनं बापाच्या तळहातावर एक हिरवी पाटी ठेवली. पत्त्यांच्या कॅटाएवढी.

"बाबा, हा पुरा कॉम्प्युटर हाये."

जयवंतनं चष्मा लावला. दोन दिवस तो ती पाटी नुसती उलटीपालटी करत राहिला, तिला वीज दिलीच नाही. तिसऱ्या दिवशी दिली. मग वर्षभर तो मोबाईलवर हिंदीतली शिकवणी बघत राहिला. कळलं नाही ते मागं नेऊन पुन्हा बघायचा. इंग्रजी अक्षरं एकेक बोटानं दाबायचा. बायको द्रौपदा म्हणायची, "आता म्हातारपणी कलेक्टर व्हताय का काय?" तो हसायचा आणि परत मान खाली घालायचा.

त्याच सुमाराला शिवारात बिबट्यानं फार धुमाकूळ घातला होता. ऊस माणसापेक्षा उंच, आणि बिबट्याची पिलं त्याच उसात जन्मलेली. त्यांना डोंगर ठाऊक नाही, ऊस हेच त्यांचं रान. कालवडी गेल्या, कुत्री गेली, पलीकडच्या एका वस्तीवर लेकरू गेलं. लोक बिबट्याला वाघच म्हणत, आणि दिवस मावळायच्या आत दारं लावत.

जयवंतनं त्या हिरव्या पाटीचं भोंग्याचं यंत्र केलं. वस्तीवर एक खांब. खांबावर कॅमेरा, त्याच्याखाली डब्यात तो छोटा कॉम्प्युटर, वर भोंगा. कॅमेऱ्यापुढं काही हललं की डबा त्याचा फोटो दुकानातल्या मोठ्या कॉम्प्युटरला पाठवायचा. मोठा फोटो ओळखायचा. कुत्रं असलं तर गप्प बसायचा. बिबट्या असला तर डब्याला उलट निरोप धाडायचा, वाजव. सगळी बोलणी पाण्याच्या टाकीवरच्या डिशमधून व्हायची. भोंगा वाजला की जनावर उसात माघारी जायचं आणि माणसं घरात.

हे डबे एकमेकांशी बोलायचे तर प्रत्येकाला पत्ता लागतो, आणि पत्त्याच्या शेवटी एक आकडा असतो. अडीचशेच्या आतला कोणताही चालतो, फक्त ज्याचा त्याला वेगळा हवा. शिकवणारे सांगत होते की आकडे यंत्रालाच वाटू द्या. जयवंतला ते पटलं नाही. यंत्र आज एक आकडा देईल, उद्या दुसरा, मग कोणता डबा कुणाचा हे ध्यानात कोण ठेवणार? त्यानं आपल्या हातानं आकडे दिले, आणि ते जमिनीच्या गटाचे दिले. त्या शिवारातले सगळे गट अडीचशेच्या आतले होते. शेतकरी पोराचा जन्मदिवस विसरेल, सातबाऱ्यावरचा गट नंबर विसरणार नाही. ब्याण्णव गटातल्या डब्याचा पत्ता ब्याण्णव. डब्यावर ऑइलपेंटनं ब्याण्णव. भोंगा वाजला की गावातल्या फोनवर निरोप जायचा, 'गट ९२, वाघ'. कुठल्या बांधाला काठ्या घेऊन धावायचं ते बारकं पोरही सांगायचं.

ही युक्ती कुठल्या शिकवणीत नव्हती, त्याची स्वतःची होती. तिचा त्याला फार अभिमान होता.

पहिला भोंगा भगवंतच्या वस्तीवर लागला, गट एकशे सत्तेचाळीसमध्ये. तपासणीला खरा बिबट्या कुठून आणायचा? जयवंतनं आळेफाट्याहून ठिपक्याठिपक्यांचं ब्लँकेट आणलं, अंगावर घेतलं आणि बांधावरून चार पायांवर रांगू लागला. वस्तीची माणसं पोट धरून हसली. भगवंतची आई सरूबाई शेळीचं दावं हातात धरून बांधाच्या कडेला उभी होती. पंचाहत्तरीची, पण काटक बाई.

"आरं जयवंता," ती ओरडली, "वाघ असा म्हशीवानी चालतो व्हय? पोट जमिनीला टेकव! ढुंगान खाली घे!"

"मावशे, माजे गुडघे गेले!"

"वाघाला सांग गुडघे गेले म्हणून!"

जयवंतनं पोट जमिनीला टेकवलं, चार हात सरपटला, आणि भोंगा असा कडाडला की शेळी दावं तोडून पळाली. सरूबाई शिव्या देत तिच्यामागं आणि सगळी वस्ती सरूबाईमागं.

वर्षाच्या आत आणखी अकरा वस्त्यांवर भोंगे लागले. तालुक्याहून माणसं बघायला आली. घोडेगावला कुठल्याशा बैठकीत त्याला माइकवर बोलायला उभं केलं. आणि एके दिवशी चहाच्या टपरीवर भगवंतनं बाकावर सरकून जागा केली. "बसा जयवंतराव," तो म्हणाला. गावात एकानं राव म्हटलं की दुसऱ्याला म्हणावं लागतं. महिन्याभरात तो सगळ्यांचाच जयवंतराव झाला. घरी आल्यावर त्यानं द्रौपदाला हे सांगितलं नाही. पण त्या दिवशी त्यानं चहा मागताना घसा खाकरला, आणि तिला कळलं.

आता भगवंतच्या घरचं सांगायला हवं. भगवंत थोरला, भरत धाकटा. चार वर्षांपूर्वी दोघांनी वाटणी केली. बांध घातला, बांधापलीकडं भरतनं नवं घर बांधलं. दोनशे पावलांचं अंतर, पण तेव्हापासून एकमेकांशी शब्द नाही. वाटणी आपसातली होती. मोजणी झाली नव्हती, कागदावर जमीन एकच होती, गट एकशे सत्तेचाळीस. आईचीही वाटणी झाली. सहा महिने थोरल्याकडं, सहा महिने धाकट्याकडं. शेळी तेवढी वाटणीत बसली नाही. ती भरतच्या गोठ्यात राहायची, आणि सरूबाई भगवंतकडं असली तरी रोज सकाळी चाऱ्याची पेंढी डोक्यावर घेऊन बांध ओलांडायची.

दसऱ्याच्या आधी भरत दुकानात आला.

"भाऊ, मला बी भोंगा पायजे. त्याच्या भोंग्याच्या जिवावर मी न्हाई राह्यचा."

"लावू की. गट नंबर?"

"तुमाला म्हाईत न्हाई व्हय? एकशे सत्तेचाळीस."

तीच जमीन, तोच ऊस, समोर तोच बांध. जयवंतनं भगवंतच्या डब्याच्या मेमरी कार्डाची जशीच्या तशी नक्कल काढली, नव्या डब्यात घातली, आणि वर ऑइलपेंटनं १४७ लिहिलं. डबा लावला त्या दिवशी भगवंतकडची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळालेली होती. त्याची वस्ती दोन दिवस अंधारात होती, डबाही झोपलेला होता. भरतची लाइन दुसऱ्या डीपीवरून येते. जयवंत ब्लँकेट घेऊन रांगला, भोंगा वाजला, भरतनं गूळपाणी दिलं. दोन दिवसांनी डीपी बदलून आली.

आठवड्यानं भगवंत दुकानात आला. "जयवंतराव, भोंगा वाजत न्हाई. कुत्रं ऊर फुटंपर्यंत भुकलं, वाघाचे पाय उमटलेत बांधाला, आन् हे आपलं मुकं."

जयवंत गेला. डब्याला वीज होती, दिवा लुकलुकत होता. त्यानं डबा बंद करून चालू केला, ब्लँकेट घेऊन रांगला. वाजला. चार दिवसांनी भरत आला. त्याचाही मुका. तिथंही बंद करून चालू केला, वाजला. मग पुन्हा भगवंत. मग पुन्हा भरत.

"त्यानंच कायतरी केलंय," भगवंत म्हणाला. "मी शेतावर गेलो की वायर उपटत आसंल."

"थोरल्याच्या डोळ्यात सलतोय माजा भोंगा," भरत म्हणाला.

सात खेपा झाल्या. सातव्या खेपेनंतर, दिवाळीच्या आधी, भरत पुन्हा दुकानात आला तेव्हा जयवंतच्या गुडघ्यांत एक घाईची मोटार होती. त्यानं मान वर केली नाही.

"भरत, यंत्राला काय बी झालेलं न्हाई. मी सात येळा बघितलंय. यंत्रात नको, माणसात बघ. भावाला विचार."

दुकानासमोरच्या टपरीवरच्या चौघांनी ते ऐकलं. जयवंतराव म्हणाले म्हणजे तसंच असणार. दोन दिवसांत ते वाक्य गावभर झालं.

डिसेंबरातल्या एका सकाळी सहा वाजून गेले होते. पुरतं उजाडलं नव्हतं, धुकं उसावर बसलेलं होतं. सरूबाई डोक्यावर पेंढी घेऊन बांधावर चढली. भगवंतची बायको शीला चुलीपाशी होती. तिला शेळी वेड्यासारखी ओरडताना ऐकू आली. ती बाहेर आली तर बांधावर नुसती पेंढी पडलेली, सुटलेलीही नव्हती. तिच्या पलीकडं उसाची चार ताटं हलत होती. दोन्ही खांबांवरचे कॅमेरे बरोबर त्या बांधाकडं तोंड करून होते. दोन्ही भोंगे गप्प होते.

माणसं काठ्या घेऊन उसात घुसली. सरूबाई पन्नास पावलांवर सापडली. त्याहून जास्त इथं सांगायचं कारण नाही.

गाव दुःखात होतं, तरी बोलायचं थांबलं नाही. "भावानं भावाचा भोंगा बंद केला, आन् मधी आई गेली." कुणी थोरल्याचं नाव घ्यायचं, कुणी धाकट्याचं. शेवटी सगळे एकाच वाक्यावर यायचे. जयवंतराव म्हणाले होते ना, माणसात बघा.

चौथ्या दिवशी भगवंत दुकानात आला. डोळे सुजलेले. त्यानं खांबावरचा डबा उतरवून आणला होता. तो त्यानं जयवंतच्या पुढं ठेवला.

"ह्याच्यात सगळं लिहिलेलं राहतं म्हणता ना? बघा. भरतनं कधी काय उपटलं ते मला कागदावर लिहून द्या, सही करून. मी चौकीत देतो."

"भगवंतराव, भाऊ हाये तुमचा."

"आई बी माजीच व्हती." तो दाराशी थांबला. "दहावा मी येगळा घालतोय. त्याचं तोंड बघायचं न्हाई मला."

जयवंतनं बाहेर पाहिलं. स्टँडवरच्या फळ्यावर खडूनं दोन सूचना होत्या. कै. सरूबाई यांचा दशक्रिया विधी, नदीकाठी, सकाळी सात. त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात तेच नाव, तोच विधी, तोच काठ, सकाळी दहा. एका आईचे दोन दहावे. गावात असं कधी घडलं नव्हतं.

त्यानं डबा उघडला. आधी मीटर लावून चार्जर बघितला, पाच व्होल्ट पुरे होते. वायर बघितली, कुठं तुटलेली नाही, उपटल्याची खूण नाही. कार्ड काढून पुसून घातलं, तेही धड. मग मोठ्या कॉम्प्युटरवर त्या सकाळची नोंद काढली. यंत्र जे जे करतं ते ते ओळीओळीनं लिहून ठेवतं. सहा वाजून सतरा मिनिटं, एकशे सत्तेचाळीसकडून फोटो सुरू. सहा वाजून सतरा मिनिटं, फोटो अर्धा, बोलणं तुटलं. पुन्हा सुरू, पुन्हा तुटलं. पाच वेळा.

म्हणजे डबा चालू होता. कुणी बटण दाबलं नव्हतं, कुणी वायर उपटली नव्हती. डब्यानं बांधावरचं जनावर पाहिलं होतं आणि पाच वेळा सांगायचा प्रयत्न केला होता.

जयवंतनं त्या ओळी पुन्हा वाचल्या. मग सवयीनं त्याची बोटं हलली आणि त्यानं एकशे सत्तेचाळीसला हाक मारली. यंत्राला अशी हाक मारता येते. इकडून नंबर पुकारायचा, तिकडून ओ आली की समजायचं डबा जागा आहे.

ओ आली.

जयवंतनं टेबलाकडं पाहिलं. डबा समोर उघडा पडला होता. वायर काढून बाजूला गुंडाळलेली. दिवा विझलेला. त्यानं डबा उचलून हातात घेतला. थंडगार होता. डाव्या हातात तो धरून त्यानं उजव्या हातानं पुन्हा हाक मारली.

पुन्हा ओ आली.

 मेलेलं माणूस समोर ठेवून त्याला हाक मारावी आणि शेजारच्या घरातून त्याच्या नावानं कुणी बोलावं, तसं झालं. तिसऱ्यांदा त्यानं हाक मारली नाही, नोंद बघितली. प्रत्येक पाटीला कारखान्यातूनच एक नंबर गोंदून येतो. पत्ता आपण देतो, तो बदलता येतो. गोंदलेला नंबर बदलत नाही. ओ देणाऱ्याचा गोंदलेला नंबर त्यानं कागदावर उतरवला आणि वही काढली. वहीत प्रत्येक डब्याचं एक पान होतं. तो नंबर भरतच्या पानावर निघाला. खाली त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'गट १४७. कार्ड जसंच्या तसं.'

एका पत्त्याची दोन घरं. एक फोटो पाठवायचं, आणि त्याचं उत्तर भलत्याच दाराशी जायचं. बोलणं अर्ध्यात तुटायचं. ज्याला बंद करून चालू करावं तो मोठ्यानं ओरडायचा, मी एकशे सत्तेचाळीस, मी एकशे सत्तेचाळीस. मोठा कॉम्प्युटर त्याच्याकडं तोंड करायचा आणि दुसरा मुका व्हायचा. तोही आतून ओरडतच असायचा, त्यामुळं कधी हा मुका, कधी तो, कधी दोघंही. जयवंत सात वेळा गेला होता. सातही वेळा एकाला बोलकं करताना त्यानं दुसऱ्याचं तोंड दाबलं होतं. जमीन वाटली होती, घरं वाटली होती, आई वाटली होती. आकडा त्यानं एकच ठेवला होता.

त्या दिवशी तो घरी गेला तेव्हा जेवला नाही. द्रौपदानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यानं सांगितलं. ती बाई यंत्रातलं काही जाणत नव्हती, पण नवऱ्याचा चेहरा जाणत होती.

"मंग आता?" ती म्हणाली. "गुमान नंबर बदलला तर कुणाला कळंल?"

"कुणालाच न्हाई."

"स्वप्नीला?"

"तिला बी न्हाई. ती कुठं बघायला येतीय?"

द्रौपदानं ताट आपल्याकडं ओढलं. "सांगितलं तर लोक परत 'ए जयवंता' म्हणतील."

"म्हणतील."

"फुकट न्हाई मिळाला व्हता त्यो राव." ती उठली, ताट झाकून ठेवलं, पाठमोरीच म्हणाली, "पन त्या पोरांनी एका आईला दोन जागी पाणी द्यायचं? तुमीच बघा बाबा. मला इचारू नका."

पुढचे तीन दिवस जयवंतनं मोटारी भरल्या. तार चरांत बसेना. एक मोटार त्यानं उलटी भरली, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. टपरीवर कुणीतरी म्हणालं, "जयवंतराव, तुमी तर आधीच ओळखलं व्हतं राव." त्यानं चहा तसाच ठेवला आणि उठला.

आठव्या दिवशी सकाळी त्यानं शीलाकडून भगवंतला आणि फोन करून भरतला निरोप दिला. बांधावर या, कागद तयार आहे. दोघंही आले. भगवंत बांधाच्या या अंगाला उभा राहिला, भरत त्या अंगाला, तोंडं दोन दिशांना. मध्ये ती पेंढी अजून पडलेली होती, वाळून पिवळी झालेली. तिला हात लावायचं कुणाला सुचलं नव्हतं.

जयवंतनं बांधावर बैठक मारली, लॅपटॉप मांडीवर घेतला. पिशवीतून भगवंतचा डबा काढून त्यानं जमिनीवर ठेवला, वायरीशिवाय.

"भगवंतराव, ह्याला वीज हाये का?"

"न्हाई."

"आता बघा." त्यानं हाक मारली. पडद्यावर ओळ उमटली. "ही ओ आली. कुणाची?"

भगवंतनं वाकून डब्यावरच्या विझलेल्या दिव्याकडं पाहिलं.

"भरत, तुज्या खांबाची वायर काढून ये."

भरत गेला, वायर काढून आला. जयवंतनं पुन्हा हाक मारली. पडदा कोरा राहिला.  मागं ऊस सळसळत होता.

"दोघांना एकच नंबर गेलाय," जयवंत म्हणाला. "मी दिला. कागदावर तुमचा गट एक, म्हणून मी बी एकच दिला. एकाला ठीक करताना दुसरा बंद पडत व्हता. मावशी गेली त्या सकाळी दोन्ही डबे चालू व्हते. दोघांनी बी कशाला हात लावला नव्हता. भगवंतराव, तुमी न्हाई. भरत, तू न्हाई. मी."

त्यानं खिशातून कागद काढला. तेच सगळं त्यावर लिहिलं होतं, साध्या भाषेत, आणि खाली सही.

भरत बोलला. आवाज अगदी हळू होता.

"दिवाळीच्या आधी मी तुज्या दुकानात आलो व्हतो."

"व्हय."

"काय म्हणाला तू मला?"

जयवंतनं लॅपटॉप मिटला.

"बोल की. काय म्हणाला?"

"यंत्रात नको, माणसात बघ म्हणालो."

"वर बी बघितलं न्हाई तू. मोटार भरत बसला." भरतनं डोळे पुसले. "भावाला विचार म्हणाला."

भगवंतनं कागद वाचला. त्याला वाचायला वेळ लागला. वाचून झाल्यावर त्यानं हात लांब करून तो बांधापलीकडं धरला. चार वर्षांत त्या बांधावरून एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली ती पहिली वस्तू. भरतनं घेतला, वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"चल," भगवंत त्याला म्हणाला. "फळा पुसायचाय."

दोघं बांध उतरून स्टँडच्या वाटेला लागले, एकापाठी एक. जाताना भरतनं जमिनीवरचा डबा पायानं बाजूला सारला. मागं वळून कुणी पाहिलं नाही. जयवंत तिथंच बसून राहिला. चार वर्षांनी दोघं भाऊ एका बाजूला झाले होते, आणि दुसऱ्या बाजूला तो होता.

दहावा एकच झाला, सकाळी सातला. जयवंत नदीकाठी गेला, बाभळीखाली मागं उभा राहिला. बरेच जण बोलले, वनखात्याला बोलले, नशिबाला बोलले. त्याच्याकडं वळून कुणी बोललं नाही, तो असल्याचं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. परतताना एक विशीतलं पोरगं गाडीवरून ओरडलं, "ए जयवंता, भोंगा वाजंल का आता?" गाडीवरची बाकीची पोरं हसली नाहीत. त्यामुळं जास्त लागलं.

बाकीच्या अकरा वस्त्यांमधले सात डबे परत आले. कुणी दुकानाच्या दाराशी ठेवून गेलं, कुणी पिशवीत घालून शटरला अडकवून गेलं. त्यानं एकेक उघडला, पुसला, फळीवर मांडला. सगळ्यांवर त्याच्या ऑइलपेंटचे आकडे होते. ते त्यानं टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसून काढले. सगळ्या डब्यांना नवे पत्ते दिले, ओळीनं, एकाशी एक न जुळणारे. गावात उरलेल्या चार डब्यांचे पत्तेही वस्तीवर जाऊन बदलले. तिथल्या माणसांनी त्याला पाणी विचारलं नाही आणि अडवलंही नाही.

मकरसंक्रांतीनंतर शीला दुकानात आली. पदर डोक्यावर, हातात पिशवी. पिशवीत दोन डबे.

"भाऊ, पुढल्या आठवड्यात ऊसतोडीची टोळी येतीय. त्यांची लेकरं बांधावरच खेळत्यात." तिनं पिशवी टेबलावर ठेवली. "दोन्ही लावा."

"भगवंतरावांनी सांगितलं?"

"त्यांनी काय बी सांगितलं न्हाई. मी पिशवी घेऊन निघाले तवा दारातच व्हते. न्हाई बी म्हणले न्हाईत." ती जाताना थांबली. "आता वाजंल ना?"

आधीचा जयवंत म्हणाला असता, वाजंल म्हणजे काय, वाजलंच पाहिजे. आताच्या जयवंतनं दोन्ही डबे पिशवीतून काढून शेजारीशेजारी ठेवले.

"दोन्ही एका टायमाला चालू ठेवून बघतो," तो म्हणाला. "मंग सांगतो."

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर त्यानं दोन्ही खांबांवर दोन्ही डबे बसवले. भगवंतच्या डब्याचा नवा पत्ता बारा, भरतच्या डब्याचा तेरा. दोन्हींना वीज दिली. बारा नंबरला हाक मारली, ओ आली. त्याची वायर काढून पुन्हा हाक मारली, ओ आली नाही. तेरा नंबरचं तसंच केलं. मग दोन्ही वायरी जोडून त्यानं पिशवीतून ठिपक्यांचं ब्लँकेट काढलं.

भगवंत आपल्या अंगणात उभा होता, भरत आपल्या. शीला दारात होती. भरतच्या गोठ्यात शेळी रवंथ करत होती. बांधावरची पेंढी कुणीतरी उचलली होती, तेवढ्या जागेवर गवत पांढरं पडलेलं होतं.

जयवंत गुडघ्यांवर आला. ब्लँकेट डोक्यावरून पाठीवर ओढलं. रांगू लागला. पाच पावलं गेला, दहा गेला. दोन्ही भोंगे गप्प. घाम त्याच्या डोळ्यांत उतरला. कुणी हसत नव्हतं. तो त्या पांढऱ्या गवतापाशी आला आणि थांबला.

मग त्यानं पोट जमिनीला टेकवलं.

आधी भगवंतचा भोंगा कडाडला. श्वास घ्यायच्या आत भरतचा. दोन्हींचा आवाज उसावरून गेला, उसाच्या पलीकडं गेला. गोठ्यात शेळी दाव्याला हिसके देऊ लागली. दोन्ही अंगणांतली माणसं कानांवर हात न ठेवता उभी होती.

भोंगे आपोआप थांबेपर्यंत जयवंत ब्लँकेटखाली तसाच पडून राहिला, गवतात तोंड घालून. त्याला ऊठ म्हणायला कुणी आलं नाही.